पिकअपच्या पाठीवर काय पांघरायचं?

कुरखेड्यात एकच पिकअप वर्षभरात चार-पाच वेगवेगळ्या गाड्यांचं काम करते. मार्च-एप्रिलमध्ये तिच्यात मोहफुलांची पोती असतात, मे महिन्यात तेंदूपानांच्या गोण्या, मृगाच्या तोंडावर खत आणि बियाणं, दिवाळीनंतर धान. थंडी पडली की नाटक मंडळींचे पडदे आणि कपड्यांच्या पेट्या. मधल्या सुट्टीत चार मित्र तिलाच घेऊन नवेगावबांधच्या किंवा इटियाडोहच्या बाजूला रात्र काढायला निघतात. गाडी तीच, हौदा तोच, फाळकाही तोच. वरचं पांघरूण मात्र दर वेळी वेगळं लागतं, आणि नेमकं तेच आपण दुकानात रंग बघून, घाईघाईत उचलतो.

तेव्हा या पांघरुणाच्या काही गमती. वाचून झाल्यावर पुढची ताडपत्री वेगळ्या नजरेने निवडाल, एवढी खात्री आहे.

शंभरी ओलांडलेला हौदा

१५ एप्रिल १९२५ रोजी फोर्ड कंपनीने मॉडेल टी मोटारीला मागे पोलादी हौदा बसवला आणि ती २८१ डॉलरला विकायला काढली. त्याआधी अमेरिकेतले शेतकरी मोटार घेत आणि सुताराकडे जाऊन मागच्या बाजूला लाकडी पेटी ठोकून घेत. फोर्डने सुताराचं हे काम कारखान्यात आणलं.

ऑस्ट्रेलियाची गोष्ट याहून गोड आहे. १९३२ च्या सुमारास व्हिक्टोरिया प्रांतातल्या एका शेतकऱ्याच्या बायकोने फोर्डच्या तिथल्या कारखान्याला पत्र लिहिलं, असं सांगतात. मागणं साधं होतं: रविवारी चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरं बाजारात नेता येतील अशी एकच गाडी द्या. लुईस बँट नावाच्या तरुण आरेखकाने ती कागदावर उतरवली आणि १९३४ मध्ये ती रस्त्यावर आली. तिकडे अशा गाडीला आजही ‘यूट’ म्हणतात. त्या बाईंचं पत्र कुरखेड्याहून गेलं असतं तर त्यात डुकरांच्या जागी धान आलं असतं, बाकी मजकूर तोच राहिला असता.

आपल्याकडे २००५ मध्ये टाटा एस आली आणि लोकांनी तिचं नाव बदलून ‘छोटा हत्ती’ केलं. खऱ्या हत्तींकडे पुढे वळायचंच आहे.

ताडाचं पान की डांबर?

ताडपत्री हा शब्द इतका आपला वाटतो की ताडाच्या पानावरूनच आला असावा असं कुणीही म्हणेल. इंग्रजी शब्द आहे टारपॉलिन. त्यातला टार म्हणजे डांबर, आणि पॉल म्हणजे वरून घालायचं आच्छादन. जहाजावरचा माल खाऱ्या पाण्यापासून वाचावा म्हणून खलाशी जाड कापडाला डांबर चोपडत. त्यांच्या अंगावरचे कपडेही तसेच असत, म्हणून इंग्रजीत खलाशाचंच नाव ‘टार’ पडलं. आपल्या जिभेने तो परका शब्द ओळखीच्या ताडाच्या पानाशी जुळवून घेतला असावा.

आजच्या ताडपत्रीत डांबराचा थेंब नाही. ती बहुधा पॉलिथिनची असते, आणि पॉलिथिन सापडलं ते अपघाताने. १९३३ मध्ये इंग्लंडमधल्या एका रसायन कारखान्यात प्रचंड दाबाखालचा एक प्रयोग फसला आणि भांड्याच्या तळाशी मेणासारखा पांढरा पदार्थ उरला. तोच पॉलिथिन. पुढे १९५३ मध्ये जर्मनीत कार्ल त्सिग्लर यांनी कमी दाबावर त्याचा अधिक चिवट प्रकार बनवण्याची रीत शोधली. ताडपत्रीवर छापलेलं ‘एचडीपीई’ ते हेच. १९६३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्सिग्लर यांना इटलीच्या नाट्टा यांच्यासोबत मिळालं. म्हणजे खळ्यावर अंथरलेल्या निळ्या कापडामागे एक नोबेल आहे.

तराजू खोटं बोलत नाही

ताडपत्रीवर जीएसएमचा आकडा छापलेला असतो: १२०, २००, २५०. याचा अर्थ एक चौरस मीटर कापडाचं वजन इतके ग्रॅम. दुकानात हा आकडा तपासायला कुठलंही यंत्र लागत नाही, धान्याचा तराजू पुरतो. १५ फूट बाय १८ फुटांची ताडपत्री म्हणजे २७० चौरस फूट, साधारण २५ चौरस मीटर. २०० जीएसएमची असेल तर तिचं वजन पाच किलोच्या आसपास भरलं पाहिजे. काठाच्या घड्या, रिंगा यांनी थोडं इकडेतिकडे होईल. काटा साडेतीन किलोवर थांबला तर छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

मग ती उन्हाकडे धरून बघा. टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर पाणी तिथूनच येणार. रिंग अंगठ्याने ओढा. रिंगेभोवतीचं कापड दुहेरी आहे ना, काठात दोर घातलेला आहे ना, हेही बघा. ताडपत्री मधोमध क्वचितच फाटते, तिचा जीव जातो तो काठावर. विणलेल्या एचडीपीई ताडपत्रीसाठी भारतीय मानक ब्युरोचं मानकही आहे, आयएस ७९०३. तो क्रमांक छापलेला असेल तर चांगलंच.

सिलपोलिन हे नाव शेतकऱ्यांच्या तोंडी असतं. तिच्यात धागे विणलेले नसतात. प्लॅस्टिकचे ताणलेले पातळ पापुद्रे एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, प्लायवूडचे थर असतात तसे. त्यामुळे एका दिशेने चीर गेली तरी दुसरा थर तिला अडवतो.

१५ बाय १८ आलं कुठून?

गाडीच्या हौद्याएवढी ताडपत्री घेणं ही सर्वांत जास्त होणारी चूक. समजा हौदा नऊ फूट लांब, साडेपाच फूट रुंद आहे. पोती फाळक्याच्या वर तीन फूट चढली, तर दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट उतार आला. बांधायला फाळक्याच्या खाली आणखी दीड-दीड फूट हवं. साडेपाच आणि नऊ मिळून झाली साडेचौदा फूट रुंदी. लांबीचा हिशेब तसाच, अठरा फूट. आपली मापं एकदा सुतळीने घेऊन ठेवा, दुकानात अंदाज करावा लागणार नाही.

पाठीवर साचलेली विहीर

आता पाण्याचं गणित, आणि हे मला सर्वांत आवडतं. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की बरोबर एक लिटर पाणी होतं. पिकअपचा हौदा साडेचार चौरस मीटरच्या आसपास. गडचिरोली जिल्ह्यात वर्षाला साधारण १३०० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो, म्हणजे एका हौद्यावर वर्षभरात जवळजवळ सहा हजार लिटर पाणी कोसळतं. एक छोटा टँकरच.

यातला एकच चांगला तडाखा घ्या, ५० मिलिमीटरचा. सव्वादोनशे लिटर. ताडपत्री मध्ये खोलगट झाली आणि हे पाणी तिथे थांबलं, तर गाडीच्या पाठीवर तीन धट्टीकट्टी माणसं बसल्यासारखं झालं. कापड ताणतं, आणखी खोल जातं, आणखी पाणी धरतं. एकदा बेडगावचा घाट चढताना आमच्या गाडीवरचं असं साचलेलं पाणी एका वळणावर एकदम मागे गेलं, ताडपत्रीच्या दोन रिंगा उपटल्या आणि खताच्या सहा पोत्यांचा चिखल झाला. चूक आमचीच होती. वरून दोर करकचून आवळला होता, पण खाली उतार दिला नव्हता.

उतार द्यायची रीत आपल्या घरांवरच दिसते. घराला आढं असतं, तसं गाडीलाही द्यायचं. हौद्याच्या मधोमध, पुढून मागे, एक बांबू उंचावर बांधायचा आणि त्याच्यावरून ताडपत्री दोन्ही बाजूंना सोडायची. किंवा लोखंडी पाइपच्या तीन-चार कमानी करून घ्यायच्या. पूर्वी रेंगीवर बांबूच्या तट्ट्याची कमान असायची तीही याचसाठी. अमेरिकेत पश्चिमेकडे निघालेल्या वसाहतकऱ्यांच्या बैलगाड्यांवर जवसाचं तेल पाजलेलं कापड असायचं, तेही कमानीवरच ताणलेलं. दोन खंडांतल्या गाडीवानांनी एकमेकांना न विचारता एकच आकार निवडला, कारण पाणी सगळीकडे उतारानेच जातं.

धानाला श्वास लागतो

कुरखेड्याच्या भागात पांघरुणाची खरी परीक्षा घेतं ते धान. कापणी होते, कडपा शेतात वाळतो, मग पुंजणे रचतात, चुरणं होतं आणि पोती आधारभूत खरेदी केंद्राच्या वाटेला लागतात. तिथे ओलावा मोजतात. १७ टक्क्यांहून जास्त ओलावा असलेलं धान आधारभूत भावाच्या निकषात बसत नाही. केंद्रावर गोदाम भरलेलं असलं की धान उघड्यावर थप्प्या लावून ताडपत्रीखाली राहतं, आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ढग दाटले की आपल्या सगळ्यांच्या पोटात गोळा येतो.

लोकांना वाटतं पाणी वरूनच येतं. ते आतूनही येतं. धानाचा दाणा जिवंत असतो, तो श्वास घेतो, त्यातून उष्णता आणि वाफ बाहेर पडते. धान ओलसर असेल तर हा श्वास वेगाने चालतो. वर हवाबंद प्लॅस्टिक घट्ट बांधलेलं असलं की दिवसा तापलेली वाफ रात्री थंड ताडपत्रीला लागून पाण्याचे थेंब होते आणि परत पोत्यांवर टपकते. आकाश निरभ्र, एक थेंब पाऊस नाही, आणि सकाळी वरची पोती ओली. धानाला बुरशी लागते, दाणा पिवळा पडतो.

म्हणून उघड्यावर धान्य साठवायची सरकारी पद्धतही झाकून सोडून देण्याची नाही. खाली लाकडी फळ्यांचा उंचवटा, वर काळं जाड पॉलिथिन, त्याच्यावर दोर, आणि चांगलं ऊन पडलं की आच्छादन वर उचलून थप्पीला वारा. पिकअपमध्येही हेच करायचं. तळाशी बांबूच्या कामट्या किंवा जुना तट्टा टाका, पोती थेट पत्र्यावर नकोत. आढ्याखाली वीतभर मोकळी जागा ठेवा. पाऊस नसेल तर मागची बाजू चार बोटं उघडी ठेवा. दोन दिवस गाडी उभी राहणार असेल तर दुपारी ताडपत्री सोडून ठेवा आणि दिवस मावळायच्या आत परत बांधा.

धान साठवायची आपली ढोली याच तत्त्वावर बनलेली आहे. बांबूची वीण आणि त्यावर शेणमातीचा लेप. पाणी अडतं, पण वाफ हळूहळू निघून जाते. सुती कॅनव्हासची जुनी ताडपत्रीही अशीच वागते. पाऊस लागला की सुताचे धागे फुगतात आणि वीण बंद होते, कोरड्या हवेत ती परत सैल पडते. तोटा वजनाचा आहे, आणि ओली घडी करून ठेवली तर ती कुजते. ज्यांचं काम मुख्यतः धानाचं आहे आणि गोठ्यात दांडीवर ताडपत्री वाळत घालायला जागा आहे, त्यांनी आजही कॅनव्हासचा विचार करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

मोह पाणी पितो, तेंदूला पाणी पाजावं लागतं

वाळलेल्या मोहफुलात साखर भरपूर, म्हणून ते हवेतला ओलावा ओढून घेतं. मार्चमध्ये कडकडीत वाळलेलं फूल जूनच्या दमट हवेत उघडं राहिलं की चिकट होतं. मोहासाठी हवाबंद झाकण योग्य, धानाच्या अगदी उलट. २०२१ मध्ये राज्य सरकारने मोहफुलं गोळा करणं, साठवणं आणि त्यांची वाहतूक यांवरची बंधनं काढली. त्यामुळे आता फुलं पावसाळा ओलांडून, भाव येईपर्यंत ठेवता येतात. झाकणाला किंमत आली ती तेव्हापासून.

तेंदूची तऱ्हा न्यारी. आपल्याकडे एका पुड्यात ७० पानं आणि एका प्रमाण गोणीत असे हजार पुडे, म्हणजे ७० हजार पानं. फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, ती उन्हात वाळवतात, पण वाळलेलं पान हात लावताच चुरा होतं. म्हणून गोणी भरण्याआधी त्याच्यावर पाणी शिंपडतात. या ओलसर गोण्या मे महिन्याच्या उन्हात काळ्या प्लॅस्टिकखाली गुदमरल्या तर पानं काळी पडतात. ब्रह्मपुरी आणि चंद्रपूर उन्हाळ्यात देशातल्या सर्वांत तापलेल्या शहरांत असतात, आणि ब्रह्मपुरी आपल्यापासून काही फार लांब नाही. तेंदूसाठी फिक्या रंगाची ताडपत्री घ्या आणि ती कमानीवर उचललेली ठेवा.

तपासणी नाक्यावर वनोपजाचा परवाना दाखवताना माल उघडून दाखवावा लागतो. वीस गाठी मारलेली ताडपत्री तिथे अर्धा तास खाते. मागच्या बाजूला फक्त दोन गाठींवर उघडेल अशी बांधणी ठेवा.

पत्र्याचं झाकण, घडीचं झाकण, शटरचं झाकण

शहरात पाच फुटी हौद्याच्या, दोन रांगा बसायच्या पिकअप दिसतात: इसुझू व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स. त्यांच्या झाकणाला ‘टोनो’ म्हणतात. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ पिंप. जुन्या मोटारींची मागची बैठक पिंपासारखी गोल असे, तिच्यावर घालायचं कापड म्हणजे टोनो कव्हर.

यात गुंडाळायचं मऊ झाकण सर्वांत हलकं आणि स्वस्त, पण त्याला चाकूने फाडता येतं. तीन घड्यांचं कडक झाकण कुलपात बसतं. अवजारं, मोटरपंप, नाटकाचे दिवे असं महागाचं सामान नेणाऱ्याला हेच बरं. दुकानाच्या शटरसारखं सरकणारं झाकण दिसायला सुंदर असतं, मात्र गुंडाळलेला रोल ठेवायची पेटी हौद्याच्या पुढच्या भागातली मोलाची जागा खाते. तिच्यातलं पाणी बाहेर सोडायला बारीक नळ्या असतात, आणि आपल्याकडची पानगळ त्या नळ्या बुजवून टाकते. गाडी सागाखाली किंवा मोहाखाली उभी करत असाल तर शटर घेण्याआधी हे लक्षात घ्या. फायबरची उंच टोपी म्हणजे छोटं घरच. त्यात झोपता येतं, पण काढायला चार माणसं लागतात, आणि खरिपात ती ठेवायची कुठे हा प्रश्न उरतो.

ज्याची गाडी धानही वाहते आणि सुट्टीत फिरतेही, त्याने कमानी आणि दोन ताडपत्र्या घ्याव्यात. एक मालाची, एक मुक्कामाची. मालाच्या ताडपत्रीला खताचा आणि डिझेलचा वास लागतो, तिच्याखाली रात्रभर नाक ठेवू नये.

रात्र हौद्यात काढायची तर

माणूसही धानासारखाच आहे. रात्रभरात श्वासातून पेलाभर पाणी बाहेर टाकतो. डिसेंबरच्या थंडीत चारही बाजू बंद करून दोघं झोपले की पहाटे ताडपत्रीतून अंगावर थेंब पडतात आणि ताडपत्री गळकी निघाली म्हणून दुकानदाराला बोल लागतो. दोन समोरासमोरच्या बाजूंना वरच्या अंगाला फट ठेवा, थेंब थांबतील. पाठीखाली गोधडीआधी तणस भरलेलं पोतं टाका. पत्रा खालून अंगातली ऊब ओढून घेतो, तेवढी वरची हवाही ओढत नाही.

झाकणाखाली शेगडी, निखारे, स्टोव्ह काहीही नको. कोळशाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस त्यातून जागा होत नाही. इंजिन चालू ठेवून झोपणंही तितकंच घातक.

गुंडाळलेली ताडपत्री रात्री जमिनीवर सोडू नका. विंचू, मण्यार यांना ती घडी फार आवडते. सकाळी ती आधी काठीने झटका, मग हात लावा.

आणि मुक्काम कुठे करायचा? राखीव जंगलात परवानगीशिवाय नाही. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम, त्या काळात तर चुलीचा विचारही नको. स्वतःचं शेत, ओळखीच्या गावातलं अंगण, वनविभागाने ठरवून दिलेली जागा, यांत भरपूर आनंद आहे.

दोन हजार जनुकांचं नाक

आता खरे हत्ती. २०२१ च्या पावसाळ्यानंतर छत्तीसगडमधून रानहत्तींचा कळप गडचिरोलीत आला आणि कोरची, कुरखेडा, धानोरा, वडसा या पट्ट्यात फिरू लागला. धान आणि मोह या दोन्हींच्या वासाने ते गावात येतात, घरं पाडतात. काहींना वाटतं ताडपत्री घट्ट बांधली की वास बाहेर जात नाही. २०१४ मध्ये संशोधकांनी आफ्रिकी हत्तीच्या वास ओळखणाऱ्या जनुकांची मोजणी केली, ती दोन हजारांच्या जवळ भरली. माणसाची चारशेच्या आसपास. या नाकापुढे प्लॅस्टिकचा पातळ थर काय टिकणार! ज्या भागात कळप आहे असं कळलं असेल तिथे मोहाची किंवा धानाची गाडी रात्री अंगणात उभी करू नका, आणि तिच्यात झोपू तर मुळीच नका. अस्वलालाही मोह प्रिय आहे, हे आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

वारा आणि फुफाटा

वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. ताशी ४० किलोमीटरला शांत असलेली ताडपत्री ८० ला फडफडू लागते ती यामुळे, आणि फडफड हाच तिचा खरा शत्रू. कापड तासाभरात हजारो वेळा एकाच जागी दुमडतं आणि तिथेच फाटतं. काठ बांधणं पुरत नाही, पोटावरून आडवे दोन-तीन दोर हवेतच.

रिकाम्या पिकअपचा फाळका पाडला तर डिझेल वाचतं, असं बरेच चालक मानतात. अमेरिकेतल्या ‘मिथबस्टर्स’ कार्यक्रमाने याची चाचणी केली तेव्हा उलट दिसलं. फाळका लावलेला असताना हौद्यात हवेचा एक भोवरा अडकून बसतो आणि वरचा वारा त्याच्यावरून सरकत जातो.

कोरचीच्या रस्त्यावर मुरमाची धूळ मागून आत येते. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि फाळक्याच्या फटीतून फुफाटा आत ओढला जातो. वर कितीही महाग झाकण असलं तरी काही उपयोग होत नाही, फाळक्याच्या कडेला रबराची पट्टी लावा.

गाठ एक, जोर तिप्पट

दोराच्या मध्यावर सरकफास घालून एक वळसा करायचा, टोक खालच्या हुकातून घेऊन वर त्या वळशातून आणायचं आणि खाली खेचायचं. जगभरचे ट्रकवाले हीच गाठ मारतात. कागदावरच्या हिशेबाने ओढ तिप्पट होते. घर्षणात बरीच जाते, तरी हाताच्या जोराहून पुष्कळ जास्त उरते. नायलॉनचा दोर ओला झाला की थोडा लांबतो, म्हणून पाऊस लागला की पाच किलोमीटरवर थांबून एकदा परत आवळा.

कायद्याचं झाकण

मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसं बसवून नेणं बेकायदा आहे, ताडपत्रीखाली असोत की उघड्यावर. नाटकाला जायचं असो की मुक्कामाला, माणसांनी आसनावरच बसायचं, हौद्यात फक्त सामान. माल बाजूला, मागे किंवा उंचीला मर्यादेबाहेर गेला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड २० हजार रुपये आहे. गाडीच्या मूळ रचनेत कायमचा बदल करायचा असेल तर आधी परिवहन कार्यालयात विचारा. सोडता-बांधता येणाऱ्या ताडपत्रीची ही कटकट नाही. मात्र तिचं शेपूट मागच्या दिव्यांवर आणि नंबरप्लेटवर लोंबू देऊ नका.

पडदा भिजला तर राजवाडा गेला

दिवाळी झाली की झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम सुरू होतो आणि होळीपर्यंत चालतो. वडसा म्हणजेच देसाईगंज हे त्याचं मुख्य ठाणं, शंकरपटाच्या निमित्ताने गावोगावी प्रयोग, रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत. २०२३ मध्ये पद्मश्री मिळालेले नाट्यकलावंत परशुराम खुणे आपल्या कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे, याचा इथे कुणाला अभिमान नाही? या नाटकांचे रंगवलेले पडदे दवाने ओले झाले की रंग सोडतात. पडद्यांच्या गाडीला दुहेरी पांघरूण लागतं, आत सुती चादर आणि वर प्लॅस्टिक. सुती कापड आतला दमटपणा टिपतं, प्लॅस्टिक दव अडवतं. हार्मोनियम आणि तबल्यालाही हीच बांधणी द्या.

म्हातारी ताडपत्री

दोन-तीन उन्हाळे झेलले की एचडीपीईचा रंग उडतो आणि हात फिरवला की बोटांना भुकटी लागते. उन्हातल्या अतिनील किरणांनी धागा ठिसूळ केलेला असतो. अशी ताडपत्री मालावर घालू नका. ती आधी खळ्यावर अंथरायला जाते, मग गोठ्याच्या झडीला, मग शेणखतावर.

यात आणखी एका कामाची भर घालावी असं मला मनापासून वाटतं. मोहफूल वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात आणि बरेच वणवे तिथूनच जंगलात शिरतात. त्याऐवजी झाडाखाली जाळी किंवा कापड अंथरलं की आग लावायची गरजच राहत नाही. फुलं पहाटे गळतात आणि माती न लागता मिळतात, स्वच्छ फुलाला भावही बरा येतो. पिकअपवरून उतरलेली जुनी, भोकं पडलेली ताडपत्री या कामाला अगदी योग्य. भोकांतून दव खाली निघून जातं आणि फूल वर कोरडं राहतं. मार्च लागला की गोठ्यातली ती ताडपत्री काढा, झटका, आणि संध्याकाळीच मोहाखाली अंथरून ठेवा. पहाटे टोपली घेऊन गेलात की चारही कोपरे उचलायचे आणि फुलं मधोमध गोळा करायची.